गालातले साहेब

वस्तरा वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला टेकला आणि साहेब आले. दार न वाजवता, निरोप न धाडता, नेहमीसारखे. नाकपुडीच्या कडेपासून जबड्याच्या हाडापर्यंत सणक गेली, परत आली, पुन्हा गेली. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. सलूनवाल्याने वस्तरा झटकन वर उचलला. "कापलं का, काका?" बिचाऱ्याचं धाबं दणाणलं होतं, मागे बाकावर गिऱ्हाइकं बसलेली, आणि समोर हा माणूस डोळ्यांतून पाणी काढतोय. आरशात पाहिलं तर अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल मोकळा, रक्ताचा टिपूस नाही. तोंड उघडलं की साहेब आणखी एक फेरी मारतात, म्हणून मी नुसतं बोट हलवून 'नाही' म्हटलं, आणि मनातल्या मनात, सवयीने, पुढचे दोन शब्द म्हटले: तिच्यासाठी, प्रभू. मनात म्हटले असं माझं मत. ते तोंडावाटे बाहेर पडले असणार, कारण सलूनवाला म्हणाला, "कुणासाठी?" काय सांगणार? "मुलीसाठी," मी दात न उघडता म्हणालो. "आजारी आहे का?" "नाही. दिवस गेलेत. सातवा चाललाय." त्याने वस्तरा पुसला, पात्याकडे पाहिलं, आणि अगदी साधेपणाने, काही खोच नसताना, विचारलं, "मग तुम्हाला का दुखतंय?"

आता ह्यात चिडण्यासारखं काय होतं? पण मी चिडलो. टॉवेल ओढून फेस पुसला, पैसे ठेवले आणि तसाच अर्धवट दाढीनिशी रस्त्यावर आलो. मागून त्याची हाक ऐकू आली, "अहो काका, एक बाजू राहिली!" मी वळलो नाही. ऊन होतं, पण वारं सुटलं होतं, आणि वारं म्हणजे साहेबांचा लाडका रस्ता. एरवी मी गाल वाऱ्याला देऊन चालतो. हो, मुद्दाम. त्या दिवशी मात्र हात आपोआप वर गेला आणि गालावर झाकण धरावं तसा राहिला, आणि त्या हाताखालून सलूनवाल्याचा प्रश्न घरापर्यंत माझ्यासोबत चालत आला.

साहेब हे नाव मीच ठेवलेलं. मी मोठ्या दवाखान्यात प्लास्टर रूममध्ये काम करतो. मोडलेले हात, पाय, मनगटं, घोटे सगळे माझ्याकडे येतात. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे साहेब, कधीही, न कळवता, राउंडला येतात, आणि ते आले की जो तो हातातलं काम सोडून ताठ उभा राहतो. गालातलं हे दुखणं पहिल्यांदा आलं तेव्हा मी एका बाईच्या मनगटाला कापूस गुंडाळत होतो आणि असाच ताठ उभा राहिलो. घरी येऊन हिला सांगितलं, "आज गालात साहेब आले होते." ही हसली. पुढे हसणं संपलं, नाव राहिलं. दात काढून झाला, मग कळलं की दाताचा काही संबंधच नव्हता. नसांच्या डॉक्टरने शेवटी सांगितलं की चेहऱ्याच्या नसेवर एक रक्तवाहिनी रेलून बसली आहे, आणि ह्याने माणूस मरत नाही. मरत नाही हे त्याने अशा सुरात सांगितलं की मला थोडा अपमानच वाटला. पण गोळ्या दिल्या त्या मात्र रामबाण. आठवडाभरात साहेबांचे दौरे बंद. मी पुन्हा सफरचंद खायला लागलो, डाव्या कुशीवर झोपायला लागलो, चर्चमध्ये मोठ्याने गायला लागलो. ही म्हणायची, "गाताय ते ठीक, पण सुरात गायची गोळी नाही का मिळत?"

मग ते सगळं मी सोडलं कशाला? ते सांगायचं तर मुलीपासून सुरुवात करायला हवी. ठमी आमची एकुलती एक. लहानपणी गोल गोल होती म्हणून ठमी. आता चांगली उंच, शाळेत भूगोल शिकवते, तरी घरात ठमीच. तिला पहिल्यांदा दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात बाळ गेलं. दुसऱ्यांदा सहावा महिना लागला होता. बाळ हलायला लागलं होतं. तिने माझा हात पोटावर ठेवून मला दाखवलं होतं. मग एक दिवस ते हलेनासं झालं. दवाखाना मी काम करतो तोच, तिसऱ्या मजल्यावर ती, तळमजल्यावर मी. दोन दिवस तिला कळा देऊन देऊन ते बाळ बाहेर काढावं लागलं. रडण्याचा आवाज होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असलेलं बाळंतपण. मी जिन्यात उभा असायचो, खाली पेशंट आला की खाली, पुन्हा वर. नंतर ती घरी आली, थोडे दिवस पडून राहिली, शाळेत जाऊ लागली. आम्ही कुणी त्याबद्दल बोललो नाही. बोलून काय होणार होतं? तिच्यासमोर विषय काढायचा नाही, असं आमचं दोघांचं आणि जावयाचं न ठरवता ठरलं. पाळणा हलवलेला नाही, बाप्तिस्मा नाही, नाव नाही. नाव ठेवायला आधी जन्मावं लागतं, असं आम्ही सगळे धरून चाललो.

तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं तिने फोनवर सांगितलं, आणि मी आधी बोटांवर चौथा महिना कुठे येतो ते मोजलं. आनंद नाही, आधी मोजणी. त्याच रविवारी मिस्साला म्हाताऱ्या फादरांनी प्रवचनात सांगितलं की आपलं दुखणं वाया जात नसतं. क्रुसाच्या पायाशी नेऊन ठेवा, प्रभू ते स्वतःच्या दुखण्यात मिसळून घेतो. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझी आई कंबरदुखीने ओणवी होऊन भांडी घासायची आणि एकेक भांडं एकेकाच्या नावाने अर्पण करायची; मला वाटतं माझ्या परीक्षांच्या वाट्याला पातेली आली होती. पण त्या रविवारी ते प्रवचन नेमकं माझ्यावर येऊन बसलं. अर्पणाच्या वेळी सगळे उभे राहिले, मीही राहिलो, आणि लक्षात आलं की माझ्याकडे ठेवायला काहीच नाही. दुखणं होतं, ते गोळीने काढून घेतलेलं. पोरगी तिसऱ्यांदा त्या अंधाऱ्या रस्त्याने निघालेली आणि बाप रिकाम्या हाताने, गुळगुळीत गालाने, गाणी म्हणत उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने हातावर गोळी ठेवली ती मी तोंडात धरली, प्लास्टर रूममध्ये गेलो आणि कढईएवढ्या त्या बेसिनमध्ये, जिथे उरलेलं ओलं प्लास्टर साचतं, तिथे थुंकून टाकली. पांढऱ्यात पांढरी. दिसलीसुद्धा नाही.

साहेब परतले ते बढती मिळाल्यासारखे. पहिल्या दिवशी मला हसू आलं, खरंच सांगतो, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. प्रत्येक सणकेला मी म्हणायचो, तिच्यासाठी, प्रभू. आणि त्यात एक समाधान होतं, ते नाकारून चालणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं दुखणं मी बाहेरून हाताळत आलो. हाड बसवताना माणूस ओरडतो, मी म्हणतो, "झालं, झालं." काय झालेलं असतं? काही झालेलं नसतं. आता पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी आतून कामाला लागलं होतं. चौथा महिना पार पडला. सहावा लागला तेव्हा मी बोलायचंही कमी केलं. डॉक्टरांनी ठमीला जिने चढू-उतरू नको, पडून राहा असं सांगितलं, म्हणून जावयाने तिला आमच्याकडे आणून सोडलं. आमचं घर तळमजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीजवळ पलंग टाकला. सहावा पार पडला. मी पाहत होतो ना: मला दुखतंय आणि बाळ हलतंय. ह्याहून आणखी काय पुरावा पाहिजे? मग एक दिवस असा आला की साहेब फिरकलेच नाहीत. सकाळ गेली, दुपार गेली. गाल शांत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन वाऱ्यात गाल धरून उभा राहिलो, थंड पाण्याची चूळ डावीकडे धरली, कडक टोस्ट डाव्या दाढेखाली चावला. शेवटी आले. मी भिंतीला टेकून देवाचे आभार मानले. ते आभार मानतानासुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी म्हणत होतं, अरे, हे काय चाललंय? पण त्या कोपऱ्याकडे मी पाठ करून होतो.

तर त्या दिवशी सलूनमधून घरी आलो तर दारातच ही. हातात माझा धुवायला टाकलेला एप्रन, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर सुक्या प्लास्टरचा खडा. त्या खड्यात एक गोळी चिकटलेली, अर्धी बाहेर. थुंकायला कधी माणसं समोर असली तर मी गोळी खिशात टाकत असे. ओल्या हाताने टाकलेली ती तिथेच घट्ट बसली असणार. हिने माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं, मग खड्याकडे. "हे काय आहे?" मी म्हणालो, "गोळी." "ते मला दिसतंय. मला काय आंधळी समजता का? मी रोज हातावर गोळी ठेवते, पाण्याचा पेला देते, आणि तुम्ही ती प्लास्टरला खायला घालता?" मी म्हणालो, हळू बोल, ठमी जागी असेल. त्यावर ती आणखी मोठ्याने म्हणाली, "मी म्हणतच होते, हा माणूस सूप का पितो, हा माणूस गात का नाही! आणि मी आपली समजते, वय झालं." मग मला सांगावंच लागलं. दारात उभ्या उभ्या, गालावर हात धरून, जमेल तेवढ्या कमी शब्दांत सांगितलं. ऐकता ऐकता हिचा चेहरा आधी रागावला, मग मऊ झाला, मग पुन्हा रागावला. "देवाला काय तुमच्या गालाची भूक लागलीय?" ती म्हणाली. "तो काय वरून बघत बसलाय, ह्याचं किती दुखलं, चला, आता हिचं बाळ राहू देतो?" मी म्हणालो, "तसं नाही गं." "मग कसं?" आणि तेवढ्यात आतून ठमीचा आवाज आला, "पप्पा, इकडे या."

ती डाव्या कुशीवर, उशीला पोट टेकवून पडली होती. मी खुर्ची ओढून बसलो. ती रडत नव्हती; रडली असती तर सोपं गेलं असतं. तिने माझ्या गालाकडे निरखून पाहिलं, शाळेत नकाशा तपासते तसं. "किती महिने नाही घेतली?" "तुझा फोन आला तेव्हापासून." "रोज दुखतं?" "रोज." तिने पोटाखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "मला एक सांगा. मागच्या वेळी दोन दिवस मला कळा येत होत्या. ते दुखणं नव्हतं का?" मी म्हणालो, "असं काय बोलतेस?" "नाही, मला समजून घ्यायचंय. तुमच्या गालाने हे बाळ राहतं. मग मागचं माझ्या कळांनी का नाही राहिलं? मीसुद्धा म्हणत होते ना, प्रभू, हे सगळं घे आणि त्याला राहू दे. तिसऱ्या मजल्यावरून म्हणत होते. ते त्याने घेतलं नाही? कमी पडलं? का माझंच काही चुकलं?" मी तोंड उघडलं आणि साहेब आले. त्या वेळी मला त्यांची लाज वाटली, देवाशप्पथ. तिच्यासमोर ते दुखणं फुकटचं, मिरवायला आणल्यासारखं वाटलं. मी "तिच्यासाठी" म्हणायला गेलो आणि थांबलो, कारण ती समोर होती आणि तिला ते नको होतं. "तुमचं खरं असेल," ती हळूच म्हणाली, "तर मग ती दोघं कुणालाच पुरेसं दुखलं नाही म्हणून गेली. मला तसं मानता येणार नाही, पप्पा. तसं मानलं तर मी देवासमोर उभीच राहू शकणार नाही. आता जरा पडते मी." आणि तिने डोळे मिटले.

मी बाहेर पडलो आणि पाय चर्चकडे वळले. दुपारचं चर्च रिकामं होतं. फादर पहिल्या बाकावर बसून माइकची वायर उलगडत होते. वायरीचा असा गुंता झाला होता की मला आधी त्याचंच हसू आलं. शेजारी बसून मी एक टोक धरलं. "फादर, दुखणं वाया जात नाही म्हणता ना तुम्ही?" ते म्हणाले, "म्हणतो खरा." "तुमच्या गुडघ्यांना गोळ्या घेता?" "न घेऊन सांगतो कुणाला! वेदीची पायरी कोण चढणार मग?" मी त्यांना सगळं सांगितलं, ठमी काय म्हणाली तेही. मला वाटलं होतं ते काहीतरी ठाम सांगतील, पुस्तकातलं, आणि मी ते घेऊन घरी जाईन. ते बराच वेळ वायर उलगडत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आईला शेवटी फार दुखलं. फार. ते वाया गेलं असं मला म्हणवत नाही, एवढंच मला माहीत आहे. ते कशाच्या कामी आलं हे विचारशील, तर मला अजून कळलेलं नाही. प्रवचनात तेवढं सांगत नाही मी." आणि वायर माझ्या मांडीवर टाकून ते काठी टेकत आत गेले, दिवे पाहायला.

मग मी आणि वेदीवरचा तो क्रूस, त्यावर खिळलेला येशू. इतकी वर्षं पाहतोय, पण पाहताना नजर नेहमी माझ्या धंद्याची: खांदे निखळलेत, मनगटाचं हाड कुठे आहे, खिळा कुठून गेला असेल. त्या दिवशी वेगळंच मनात आलं. तिथे वर असताना त्याने बापाला विचारलं होतं, मला का सोडलंस? सौदा करणारा माणूस असं विचारत नाही. ज्याला ठाऊक आहे की आपण इतकं दिलं की इतकं मिळणार, तो कशाला विचारेल? तो मोजून घेईल आणि गप्प बसेल. हा तर ओरडला. आणि दुसरं: उठल्यावर त्याने जखमा तशाच ठेवल्या. जो मरणातून उठतो त्याला हाताची भोकं बुजवणं काय अवघड होतं? माझ्याकडे आला असता तर मीसुद्धा महिनाभरात चामडी आणून दिली असती. तरी ठेवल्या. त्या जखमांचं काम तर तेव्हा संपलं होतं, त्यांनी आता काही मिळवायचं राहिलं नव्हतं. मग कशाला ठेवल्या? तर बंद खोलीत भेदरून बसलेल्या मित्रांना दाखवायला. हात लावून बघा म्हणायला. मी इतके महिने माझं दुखणं लपवून वर पाठवत होतो, हिच्यापासून लपवून, पोरीपासून लपवून. आणि तो आपलं दुखणं घेऊन खाली माणसांत बसला. मला रडू आलं. रडण्याने चेहरा हलतो, आणि चेहरा हलला की साहेब येतात, तेव्हा रडणं काही धड झालं नाही. वायर गुंडाळून बाकावर ठेवली आणि घरी आलो.

गोळी घेणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. पेला हातात, ही समोर कमरेवर हात ठेवून उभी, डोळ्यांत तेल घालून पाहतेय की गिळतो की नाही. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगावरून ठमीही पाहत होती. मला वाटलं, ही गोळी गिळली आणि उद्या बाळ हलायचं थांबलं, तर? साऱ्या सणका मी आनंदाने घेतल्या, पण हा एक घोट घेववत नव्हता. तेव्हा समजलं की दुखण्याने मला केवढा आधार दिला होता. ते असेपर्यंत मला विश्वास ठेवायची गरजच नव्हती. प्रभू, मी मनात म्हणालो, आता माझ्याकडे काही नाही. ती तुझी, ते बाळ तुझं, मी नुसता इथे आहे. आणि गिळली. "आ करा," ही म्हणाली. मी आ केला. "जीभ वर." "अगं, मी काय केजीत आहे का?" आतून ठमी हसली. त्या हसण्याने पोट हललं असेल, का बाळ हललं असेल, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

गोळी लगेच काम करत नाही. अंगात मुरायला वेळ घेते. म्हणजे साहेबांच्या फेऱ्या चालूच. फरक एवढाच की आता त्यांचं काय करायचं हे मला कळेना. 'तिच्यासाठी' हा शब्द गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा सुचत नव्हता. नुसतं दुखायचं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर रूममध्ये एक मध्यमवयीन बाई आल्या, बँकेच्या पायऱ्यांवरून पडलेल्या, मनगट मोडलेलं. कापूस गुंडाळला, पट्टी कोमट पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबल्यावर हलकेच पिळून गुंडाळायला लागलो. प्लास्टर बोटांनी दाबायचं नसतं, तळव्याने सारखं करायचं असतं. बोटाचा खड्डा राहिला तर तो आतून टोचत राहतो. सुकताना ते तापतं. बाई घाबरून रडायला लागल्या, "अहो, जळतंय!" रोज कुणी ना कुणी हे म्हणतं आणि रोज मी म्हणतो, "काही नाही, होतं असं." त्या दिवशी ते म्हणायला तोंड उघडलं आणि गालात सणक आली, आणि मी काहीच बोललो नाही. दोन्ही तळवे त्यांच्या हाताखाली धरून उभा राहिलो. ऊब माझ्या हातांत येत होती, सणक माझ्या गालात येत होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचंच रडू थांबलं. "तुम्हालाही दुखतंय का?" त्या म्हणाल्या. "हो," मी म्हणालो. "गाल." "अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि मोडक्या हाताच्या बाईने चांगला हात माझ्या दंडावर ठेवला. प्लास्टर निवेपर्यंत आम्ही तसेच उभे. बाहेर रांग लागली होती, पण मला घाई वाटली नाही.

संध्याकाळी घरी आलो तर ही स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ठमी उशीला टेकून बसली होती. मी खुर्ची ओढली. आदल्या दिवसापासून आमच्यात एक अवघडलेपण होतं. दोघंही एकमेकांना दुखावू नये म्हणून हवापाण्याचं बोलत होतो. "कसे आहेत साहेब?" तिने विचारलं. "आहेत. निरोपाची पार्टी झाली, पण जात नाहीत." ती हसली. मग म्हणाली, "आता कुणासाठी देता ते?" "कुणासाठी नाही. दुखतं आपलं." तिने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. ते ओढून होईपर्यंत ती थांबली आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पप्पा, मी त्यांची नावं ठेवली होती. दोघांची."

इतकी वर्षं मी हाडं सांधतो, माणसाला कुठे दुखतंय ते चेहऱ्यावरून ओळखतो, आणि माझ्याच घरात, माझ्याच पोरीच्या तोंडात दोन नावं इतके दिवस दाबून ठेवलेली, आणि मला पत्ता नाही. मी देवाला तिसऱ्यासाठी साकडं घालत राहिलो आणि त्या दोघांकडे वळून पाहिलं नाही, कारण ती गेलेली होती, कारण तिथे मिळवायला काही उरलं नव्हतं. "सांगशील मला?" मी म्हणालो. तिने माझ्या उजव्या बाजूला वाकून, न दुखणाऱ्या बाजूला, कानात सांगितली. आधी मुलीचं, मग मुलाचं. पहिल्या वेळी मुलगीच असणार असं तिनेच ठरवून टाकलं होतं. ती नावं मी इथे सांगणार नाही. ती आमच्या घरातली आहेत. "कुणी त्यांना कधी हाक मारली नाही," ती म्हणाली. "मी मारते मनात. पण मनातली हाक मलाच ऐकू येते." आणि आता तिचे डोळे भरले. "तुम्ही मारा ना एकदा. मोठ्याने."

मुलीच्या नावाची सुरुवातच अशी की दोन्ही ओठ मिटून उघडावे लागतात. मी ते घेतलं. साहेब आले, नाकपुडीपासून जबड्यापर्यंत, पूर्ण लवाजम्यानिशी. डोळा वाहायला लागला. त्या दुखण्याच्या बदल्यात मी काही मागितलं नाही, ते कुठे पाठवलं नाही, ते आवरलंही नाही. ते त्या नावाबरोबर आलं आणि त्या नावाशेजारी बसलं. जी नात मी कधी पाहिली नाही तिच्यासाठी मी तेव्हा पहिल्यांदा रडलो. आणि त्या छोट्या खोलीत, औषधाच्या बाटल्या आणि खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगात, मला स्पष्ट वाटलं की तो आहे. हिशोब घ्यायला नाही, आमच्यातच बसलेला, हात उघडे ठेवून. "राहू द्या, पप्पा," ठमी म्हणाली, "दुखतंय तुम्हाला." मी हाताने तिला थांब म्हटलं, श्वास घेतला आणि नातवाला हाक मारली, चांगली मोठ्याने, खेळायला गेलेल्या मुलाला जेवायला बोलवावं तशी.

आतला नळ बंद झाला. ही ओल्या हातांनीच दारात आली. "कुणाला हाका मारताय हो?"

"नातवंडांना," मी म्हणालो.

ती आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहत राहिली. मग हात तसेच ओले ठेवून आत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि ठमीला म्हणाली, "मलाही सांग."